आमच्या घरात कुणाला चढत नाही

३ फेब्रुवारी

ठमे,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात आलेला कागद न वाचता टाकणं तुला लहानपणापासून जमलेलं नाही. तेव्हा बातमी वरच लिहितो: धाकट्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलंय. मी स्वतः नेऊन सोडलं.

जाताना तू म्हणालीस, "हा या घरात असेपर्यंत मी पाय ठेवणार नाही." छोटीच्या हनुवटीला टाके पडले होते, तुझा हात तिच्या पाठीवर होता आणि तुझा भाऊ पायरीवर बसून तिच्यापेक्षा मोठ्याने रडत होता. पिऊन आलेल्या मामाने भाचीला खांद्यावर घेतलं आणि वर्कशॉपच्या पायरीवरून दोघं खाली आले, यात मी काय त्याची बाजू घेणार होतो? पण तोंडातून निघून गेलं, "जाऊ दे, मुद्दाम नाही केलं त्याने." तू बॅग उचललीस. तेव्हापासून तुझी आई जेवताना माझ्या ताटाकडे बघून बोलते, माझ्याकडे बघून नाही.

परवा समोरच्या शिंप्याने त्याला हातगाडीवर घालून आणला. वर चादर टाकलेली. मी चष्मा पुसत बाहेर आलो आणि विचारलं, "किती हॉर्सपॉवरची आहे?" मला वाटलं, कुणाची तरी मोटर आली वाइंडिंगला. शिंपी म्हणाला, "तुमचीच आहे. जळलीये." मी हसलोसुद्धा. मग चादर बाजूला केली.

केंद्रातली डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाची असेल. चष्मा सारखा नाकावरून घसरतो, बोलते कमी. मला विचारलं, "घरात आणखी कुणाला होतं का?"

म्हटलं, "नाही."

"तुमचे वडील?"

"ते काविळीने गेले."

"कावीळ कशाने झाली?"

"आता काविळीला काय कारण लागतं, बाई! होते."

तिने मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. पेन किती वेळ चालतंय ते मी ऐकत होतो. "काविळीने" एवढ्या एका शब्दापेक्षा नक्कीच जास्त चाललं.

आपलं घर तुला ठाऊकच आहे. मी अर्ध्या पेल्यात टोमॅटोसारखा लाल होतो आणि उरलेल्या अर्ध्यात ओकतो, म्हणून त्या वाटेला कधी गेलो नाही. जिन्याखालच्या एका बाकापासून वर्कशॉप उभं केलं ते काही माझ्या मनोनिग्रहाने नाही, पोट नाजूक म्हणून. धाकटा दोन पेल्यांत आडवा. आणि तुझे आजोबा आणि तू, तुम्हा दोघांना कधी चढलीच नाही. म्हणजे सगळ्या घरात बिघडलेला एकच निघाला आणि तो आता दुरुस्तीला दिलाय.

आता तू येऊ शकतेस. तुझी खोली तुझ्या आईने पुसून ठेवलीये. मी सांगितलं नव्हतं.

बाबा

२६ फेब्रुवारी

ठमे,

उत्तर नाही आलं, पण पत्र परतही नाही आलं. मी त्यातच समाधान मानणारा माणूस आहे, तुला माहीत आहे.

केंद्रात घरच्यांनाही बोलावतात. खुर्च्या गोल मांडतात, संगीत खुर्चीसारख्या, फक्त संगीत नाही आणि उठून पळायची सोय नाही. आमच्यात एक ट्रकवाला होता. त्याने सरळ विचारलं, "बाई, मी आणि माझा भाऊ एकाच दिवशी, एकाच बाटलीतून शिकलो. तो आज दोन घोट घेतो, जेवतो, झोपतो. मी इथे. असं का? मी काय कमी अक्कल घेऊन आलो होतो?"

डॉक्टरीणबाई म्हणाली, "अकलेचा संबंध असता तर माझे अर्धे पेशंट इथे नसते. आणि एकच कारण असतं तर त्याची गोळी निघाली असती." मग तिने समजावलं. साधारण निम्मं माणूस जन्मताच घेऊन येतो म्हणे, आईबापांकडून, आजीआजोबांकडून. उरलेलं बाहेरून येतं: घरात काय बघितलं, कोणत्या वयात पहिला पेला हातात आला, मनात भीती किती, झोप लागते की नाही, बाटली हाताच्या अंतरावर आहे की नाही. "आणि एक गोष्ट लोक बरोबर उलटी समजतात," ती म्हणाली. "ज्याला चढत नाही तो पक्का, असं म्हणतात. ज्याला पहिल्या पेल्यातच गरगरतं, त्याला त्याचं शरीरच बस म्हणतं. ज्याला काहीच होत नाही, त्याला बस म्हणणारं कोणी नसतं. इतरांना दोन पेल्यांत जे वाटतं ते वाटायला त्याला सहा लागतात. तो सहा पितो. सगळेच अडकतात असं नाही, पण धोका त्याला जास्त."

मला हसू आलं. म्हटलं, बाई, मग आमच्या घरी या. आणि मी सगळ्यांना आपल्या तारेचा नियम सांगितला.

तुला सांगायला नको, पण सांगताना मला इतकी मजा आली की इथेही लिहितो. मोठं काम पुरं झालं की वर्कशॉपमध्ये संध्याकाळी बाटली उघडायची. पहिला पेला सगळ्यांना. दुसरा हवा असेल त्याने केसाएवढी तांब्याची तार बारीक स्लीव्हच्या नळीत ओवून दाखवायची. ओवली तर पेला, नाही ओवली तर चप्पल घालून घरी. नियम तुझ्या आजोबांचा. तार ओवता आली म्हणजे माणूस शुद्धीत, आणि शुद्धीतल्या माणसाला दारूचं भय नाही. मी तो नियम पुढे चालवला. धाकटा दर वेळी पहिल्या फेरीत बाद. आणि तू, सुट्टीवर आलीस की, तुझ्या दुप्पट वयाच्या कारागिरांना एकेक करून घरी पाठवायचीस आणि शेवटी बाकावर एकटी पाय हलवत बसलेली असायचीस.

ट्रकवाल्याने मांडीवर थाप मारली. एका पोराची आई तोंडाला पदर लावून हसली. डॉक्टरीणबाई हसली नाही. म्हणाली, "मुलगी आता काय करते?"

म्हटलं, "क्रेन चालवते. टॉवर क्रेन! खालून बघितलं तर मान मोडते, इतक्या उंच केबिनमध्ये एकटी बसते."

तिने चष्मा काढून हातात घेतला.

मग धाकटा बोलला. इतका वेळ तो स्वतःच्या नखांकडे बघत होता. "बाबा, तार ओवता आली नाही की तुम्ही मला घरी पाठवायचात. मी चिडून गुत्त्यावर जायचो, ते वेगळं. पण ताईला कुणी कधी घरी पाठवलंच नाही."

"ताईचं नाव घेऊ नकोस," मी म्हटलं.

"नाही घेत. तुम्हीच विचारा तिला, सकाळी चहाच्या आधी काय लागतं ते."

मला राग आला. पडणारा माणूस शेजारच्याचा शर्ट धरतो तसं वाटलं. बाहेर आल्यावर मी त्याच्याशी बोललो नाही. डॉक्टरीणबाई शिकलेली आहे, पण आपल्या घरची तिला काय माहिती? तुला हे लिहिणार नव्हतो. पण न लिहिता पाकीट बंद केलं तर ते हलकं लागत होतं.

तुझ्या आईने विचारायला सांगितलंय, छोटीच्या हनुवटीवर वण राहिला का?

बाबा

११ मार्च

ठमे,

तू फोनवर रेकॉर्ड करून ठेवलेला निरोप मिळाला. फोनवर तुझा आवाज ऐकून तुझी आई ओट्याला टेकून उभी राहिली. शिव्या मला होत्या, पण तिला काय, लेकीचा आवाज होता. "रागावलीये म्हणजे माया आहे," म्हणाली आणि डोळे पुसून भाजी चिरायला बसली.

मी तो निरोप पुन्हा ऐकला. वर्कशॉपची सगळी यंत्रं बंद करून ऐकला.

तू म्हणतेस, "बाबा, वर केबिनमधूनच बोलतेय. त्या दारुड्याचं आणि माझं नाव एका कागदावर लिहिताना तुम्हाला लाज नाही वाटली? मी एकदा तरी पडले? एकदा तरी कामाला उशीर झाला? तुमचीच तार आणि तुमचीच स्लीव्ह आणून ठेवलीये इथे. रोज सकाळी वर आले की ओवते. ओवली की मग हूक हलवते. एकदाही चुकले नाही. हे सांगा तुमच्या त्या डॉक्टरणीला."

"लाज नाही वाटली?" आणि "मी एकदा तरी" यांच्या मधे तू थांबतेस. तिथे पत्र्याचं झाकण फिरतं. पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिकचं झाकण असं वाजत नाही, ठमे. मग तू गिळतेस. मग झाकण परत फिरतं, आणि तुझा आवाज आधीपेक्षा जास्त स्वच्छ होतो. एकेक अक्षर घासून ठेवल्यासारखं.

माझे कान तुला माहीत आहेत. मोटरच्या बेअरिंगला स्क्रूड्रायव्हर लावून दुसरं टोक कानाला लावलं की आत काय झिजलंय ते मला कळतं. मला वाटलं, यावेळी चुकलो असेन. कानांवर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं. पण मग नुसता विचार केला, आणि तो कानापेक्षा वाईट निघाला: ज्याने घेतलेली नाही तो रोज सकाळी तार कशाला ओवेल?

आता आजोबांचं. डॉक्टरीणबाईला मी काल जाऊन सांगितलं, तुलाही सांगतो, कारण हे तुझ्या अंगात आलंय आणि तुला माहीत असायला हवं. ते काविळीने गेले हे खरं आहे, पण कावीळ दारूची होती. पोट ढोलासारखं, पाय काडीसारखे. ज्या सकाळी दवाखान्यात नेलं त्या सकाळीही त्यांनी तार ओवली होती. दुपारी पातेल्यात रक्त ओकले. ते कधी रस्त्यात पडले नाहीत, कधी कुणावर ओरडले नाहीत, म्हणून "दारू" हा शब्द आमच्या घरात त्यांच्यासाठी कुणी वापरलाच नाही. दारुडा म्हणजे जो पडतो तो, असा आमचा हिशेब.

आपल्या कामातलंच उदाहरण देतो. मोटरवर ओव्हरलोड रिले बसवतात. भार जास्त झाला की तो धाडकन बंद करतो. गिऱ्हाईक वैतागून येतं, "सारखी बंद पडते हो!" अशी मोटर आपण कधी जळलेली बघितलीये का? जळून येते ती न कुरकुरता चालणारी, जिचा रिले कुणीतरी काढून टाकलेला असतो. धाकटा दर वेळी धाडकन बंद पडतो, सगळी गल्ली जमा होते, हातगाडीवरून घरी येतो. तुझ्यात आणि आजोबांत तो रिले बसवलेलाच नव्हता. आणि आम्ही त्याला मजबुती म्हणत होतो.

तुझा नवरा त्या हुकाखाली उभा राहून तुला हातांनी इशारे देतो. रोज.

तर माझं म्हणणं एवढंच. वर जाणं थांबव आणि त्याला तू स्वतः सांग. एकदम सोडू मात्र नकोस. डॉक्टरीणबाई म्हणते, शरीराला सवय झालेली असली की अचानक बंद केल्यावर झटके येतात, जिवावर बेततं. दवाखान्यात जाऊन, त्यांच्या देखरेखीखाली. तुझ्याबद्दल मी कुणालाच काही बोललेलो नाही, तुझ्या आईलाही नाही. ती अजून निरोप लावून ऐकते. तिला झाकण ऐकू येत नाही.

उत्तर दे. शिव्या दे, पण दे.

बाबा

२४ मार्च

ठमे,

आज तुझ्या साइटच्या गेटवर जे झालं त्यानंतर तू माझ्याशी बोलणार नाहीस, म्हणून लॉजच्या खोलीत पलंगावर उशी ठेवून त्यावर लिहितोय. उद्या सकाळी तू वर चढायच्या आधी हे वॉचमन तुझ्या हातात देईल. माणूस चांगला आहे. त्याच्या टेबलफॅनची खरखर मी येता येता बंद करून दिली.

तू खाली यायच्या आधी मी बराच वेळ कुंपणाबाहेर उभा होतो. सळ्यांचा एवढा मोठा भारा तू उचललास, फिरवलास आणि कप बशीत ठेवावा तसा ठेवलास. सुंदर काम. कुणीतरी माझ्या शेजारी म्हणालं, "बाई आहे वर, पण हात बघा!" मला सांगायचं होतं, माझी आहे. नाही सांगितलं. जावईबापू खाली उभे होते. भारा टेकायच्या आधीच त्यांनी त्यावर हात ठेवला, घरच्या म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. वर बघितलंसुद्धा नाही. इतका विश्वास.

मग तू आलीस. चुइंगम चघळत.

"बाबा! न कळवता?"

"कळवलं असतं तर गेटवर भेटली असतीस का?"

"ती पत्रं लिहिणं बंद करा. तो धाकटा तुमचे कान भरतो आणि तुम्ही लिहीत सुटता."

"ठमे, बाटलीत काय असतं?"

"पाणी."

"पत्र्याच्या झाकणाचं?"

तू हसलीस. माझ्या शर्टाची कॉलर वळली होती, ती दोन्ही हातांनी नीट केलीस, आणि ती करता करता हळू म्हणालीस, "कुणाला बोललात तर मी तुमची नाही. छोटीही नाही. परत तोंड दाखवायचं नाही." दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं, लेक बापाची काय काळजी घेतेय.

तेवढ्यात जावईबापू तीन चहा घेऊन आले. मी तुझ्यासमोरच बोललो. तुझ्या पाठीमागे बोललो असतो तर ते मलाच खोटं वाटलं असतं.

ते आधी हसले. "बाबा, ही? मी दोन घेतल्या की हीच मला हाताला धरून घरी आणते!"

"तेच सांगतोय मी," म्हटलं.

"म्हणजे?"

"तुम्ही दोन घेतल्यावर झुलता. तिने किती घेतल्या ते तुम्हाला कळतं का?"

मी त्यांच्यापुढे आजोबा मांडले, निरोप मांडला, झाकण मांडलं. आजूबाजूला वेल्डर जमले. तू वाद घातला नाहीस. खिशातून स्लीव्ह काढलीस, तार काढलीस, आणि वाऱ्यात, सगळ्यांच्या देखत, एका झटक्यात ओवलीस. मग ती माझ्या तळहातावर ठेवलीस आणि माझी बोटं मिटवलीस. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

जावईबापू म्हणाले, "बाबा, घरी जा. धाकट्याची आग इथे आणू नका." ते रागावले नव्हते. कीव करत होते, ते जास्त लागलं.

आणि तू शिडी चढून वर गेलीस. एकही पाय चुकला नाही. माझ्याच घरच्या नियमाने, माझ्याच डोळ्यांदेखत, तू शुद्धीत होतीस.

आता नीट वाच. मी उद्या तुझ्या साइटच्या मोठ्या साहेबांकडे जाणार आहे. त्यांच्याकडे फुंकायचं यंत्र असतं असं वॉचमन म्हणतो. हे वाचून तू स्वतः त्यांच्याकडे गेलीस, तर मी गेटवरूनच परत फिरेन आणि कुणालाही काहीही कळणार नाही. म्हणशील, आजारी आहे, रजा हवी. पत्र खिशात घालून वर चढलीस, तर मी आत जाईन. तू माझी राहणार नाहीस, ते तू सांगितलंस आणि मी ऐकलं. तुझ्या आईला काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

बाबा

३० एप्रिल

ठमे,

तुला ठेवलंय तिथे पेशंटला फोन देत नाहीत, पत्रं देतात म्हणाले. म्हणजे आपलं जुनंच चालू.

ती सकाळ तू बघितलीस, पण तू तुझ्या जागेवरून बघितलीस. मी गेटजवळ होतो. वॉचमनने पत्र दिलं. तू उभ्या उभ्या सगळं वाचलंस, शेवटच्या ओळीपर्यंत. तुझी मान खाली सरकत गेली, त्यावरून मला कळत होतं. मग घडी घातलीस, खिशात ठेवलंस आणि शिडीकडे वळलीस.

साहेब भला माणूस. मला खुर्ची दिली. म्हणाला, "काका, ती माझी सगळ्यात चांगली ऑपरेटर आहे. तुम्हाला पिणारे बघायचे असतील तर चला, दाखवतो, मिक्सरच्या मागे झोपलेत." यंत्र खणात होतं, वर धूळ. झुलत आलेल्यालाच ते फुंकायला लावतात. जो झुलतोय त्याला यंत्र कशाला, आणि जो झुलत नाही त्याला ते कोणी लावत नाही. मी म्हटलं, "साहेब, माझं खोटं निघालं तर मी या सगळ्या माणसांसमोर तिच्या पाया पडतो." जावईबापू दारात उभे होते. ते म्हणाले, "लावाच साहेब. म्हणजे बाबांचं समाधान होईल." त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती.

तुला खाली बोलावलं. तू माझ्याकडे बघत फुंकलंस.

साहेबाने आकडा बघितला आणि यंत्राला चापट मारली. सेल बदलले. वॉचमनला फुंकायला लावलं: शून्य. स्वतः फुंकलं: शून्य. मग परत तुला. आकडा तोच. साहेब म्हणाला, "एवढ्या दारूत माणूस उभा राहू शकत नाही." आणि तू सरळ उभी होतीस. जावईबापू हळूच वर क्रेनकडे बघायला लागले, आणि मग स्वतःच्या हाताकडे.

दवाखान्यातलं तुला आठवत नाही म्हणतात. बरंच आहे. झटके आले तेव्हा चौघांनी धरलं होतं. तुझी आई बाहेर बाकावर बसून तोच निरोप लावत होती, तुझ्या शिव्यांचा. शेवटी मी तिला झाकण ऐकवलं. तेव्हापासून तिने फोनला हात लावलेला नाही.

डॉक्टरांनी रिपोर्ट दाखवला. लिव्हरला सूज आहे, थोडं कायमचं गेलंय. आत्ता थांबली तर बरंच भरून येईल, म्हणाले. मी विचारलं, "आणि नाही थांबली तर?" त्यांनी रिपोर्टची घडी घातली. तुझ्या डोळ्यांत पिवळेपणा आहे, तो मला ओळखीचा आहे.

मी आत आलो तेव्हा तू नर्सला विचारलंस, "हे गृहस्थ कोण?" ती बिचारी गोंधळली. मी म्हटलं, "चुकून आलो," आणि बाहेर गेलो. माझी तक्रार नाही. तू आधीच सांगितलं होतंस.

धाकटा बाहेर आलाय. मधे एकदा घसरला, पण स्वतःच्या पायांनी परत केंद्रात गेला. आता वर्कशॉपमध्ये बसतो, बाटली तिथे येत नाही. तुझं कळल्यावर मला वाटलं होतं, "बघा, मी सांगत होतो" म्हणेल. तो म्हणाला, "माझी जाहिरात सगळ्या गल्लीत झाली, बाबा. तिची कुणी केलीच नाही." आणि कामाला लागला.

आता ज्यासाठी लिहितोय ते.

जावईबापू माझ्याशी बोलत नव्हते. त्यांना वाटतं, मी आलो नसतो तर हे झालं नसतं. आणि त्यांना हेही कळतं की मी आलो नसतो तर काय झालं असतं. दोन्ही एकदम सोसणं सोपं नाही. काल त्यांचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "बाबा, कुठे कुठे शोधू?"

मी सांगत गेलो, ते शोधत गेले. आजोबा कुठे ठेवायचे ते मला पोरवयापासून माहीत होतं. त्यांच्या जागा मी कधी कुणाला सांगितल्या नव्हत्या. संडासाची टाकी. जुन्या बुटांच्या आत. न वापरायच्या भांड्यांच्या मागे, सगळ्यात मोठ्या डब्यात. फोनवर मला फक्त त्यांचा श्वास आणि मधूनमधून काचेचा आवाज येत होता. दर वेळी ते म्हणायचे, "आहे." असं वाटलं की घर तुमचं नाही, माझ्या बापाचं आहे.

छोटी त्यांच्या मागे मागे फिरत होती. "काय शोधताय?" त्यांनी सांगितलं, चावी. मग ती पण शोधायला लागली, नेटाने, तुझ्यासारखी. आणि आम्हा दोघांना न सुचलेली जागा तिला सापडली: तिच्याच लहानपणीच्या कपड्यांच्या पिशवीत, झबल्यात गुंडाळलेली. तिने झाकण उघडून वास घेतला आणि खूश होऊन ओरडली, "बाबा, आईचा वास!"

ते मी फोनवर ऐकलं. आजवर बरंच काही ऐकलंय, पण हे ऐकून मी वर्कशॉपमध्ये खाली बसलो.

तिला खेळ सापडलाय. आज शाळेतून आल्या आल्या ती परत शोधायला लागली, असं जावईबापूंनी कळवलं. तिच्या अंगात तुझं किती आणि तिच्या बापाचं किती, हे तिच्या हाताला पहिला पेला लागेपर्यंत कुणालाच कळणार नाही. डॉक्टरीणबाईलाही नाही.

तू मला काही लिहू नकोस. माफ करू नकोस, बाबा म्हणू नकोस, हे पत्र कुणाचं आहे विचारलं तर माहीत नाही म्हण. पण घरात अजून कुठे एखादी राहिली असेल, तर ती जागा तेवढी एका कागदावर लिहून नर्सकडे दे. बाकी एक अक्षर नको. छोटीच्या आधी ती आम्हाला सापडली पाहिजे.